एका गाठीवर दोन जावा

माझ्या धाकट्या जावेला या घरात मीच आणलं. ती आमच्या प्रयोगशाळेत माझ्या हाताखाली शिकायला आली होती. हाताला वळण चांगलं, बोलायला गोड, दिराच्या शेजारी उभी राहिली तर शोभेल एवढी उंची. मीच सासूबाईंना म्हटलं, "आई, एक मुलगी आहे बघण्यासारखी." लग्नात सगळ्यांत जास्त मीच मिरवले. आपल्या पायावर धोंडा मारून घेणारे पुष्कळ असतात, पण तो धोंडा वाजतगाजत घरी आणणारी मी एकटीच असेन.

आमचं काम काय ते आधी सांगते, म्हणजे माझं पोट कुठे दुखतं ते कळेल. इस्पितळाच्या मागच्या इमारतीत आमची प्रयोगशाळा. तिथे स्तनाच्या कर्करोगाच्या गाठींचे तुकडे येतात. ते मेणात बसवायचे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. बाकीचे लोक पेशीच्या पोटात काय आहे ते बघतात. मी बघते तिच्या अंगावरची साखर. चहात घालतो ती नव्हे. प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या अंगाला साखरेच्या बारीक साखळ्यांची लव असते, तान्ह्या बाळाच्या कपाळावर असते तशी. शरीरात पहाऱ्यावर फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी ती लव चाचपून आपलं कोण, परकं कोण ते ठरवतात. काही गाठींच्या पेशी महालबाड असतात. त्या आपल्या साखळ्यांच्या टोकांना एक ठरावीक साखर गच्च लावून घेतात. पहारेकरी येतो, चाचपतो, घरचंच माणूस समजून पुढे जातो, आणि गाठ मजेत वाढत राहते.

ती साखर आहे की नाही हे बघायला एका झाडाच्या सालीतून काढलेलं प्रथिन वापरतात. ते त्या साखरेला घट्ट धरतं. मग वरून रंगाचं रसायन घातलं की साखर असेल तिथे तपकिरी होतं. खरी साखर असली की प्रत्येक पेशीभोवती बारीक तपकिरी रेघ दिसते, टोकदार पेन्सिलीने गिरवल्यासारखी. या इमारतीत हे काम मी सुरू केलं. जावेला मी कापणं शिकवलं, काचेवर घेणं शिकवलं, अँटिबॉडीचे नेहमीचे रंग शिकवले. साखरेचं तेवढं शिकवलं नाही. ते माझं होतं.

पण आमच्या प्रमुख बाईंना घाई फार. एके सकाळी मला न विचारता त्यांनी जाहीर केलं, "साखरेचं काम आता दोघी मिळून बघा. धाकटीचा हात बसलाय." धाकटी! घरात धाकटी होती ती होतीच, आता ऑफिसातही धाकटी झाली, आणि धाकटं म्हटलं की लाड आलेच. तिने माझ्याकडे बघून लाजल्यासारखं केलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही सांगाल तसं करीन." मी म्हटलं, "बाईंनी सांगितलंय ना, मग बाईंनाच विचार." पुस्तकं बघून, इकडेतिकडे विचारून तिने ते काम उचललं आणि महिन्याभरात माझ्याहून नीटनेटक्या काचा बाईंच्या टेबलावर ठेवायला लागली. कडा सरळ, चिठ्ठ्या सुबक अक्षरात. माझ्या काचेला कधी हवेचा बुडबुडा राहतो, तिच्या राहत नाही.

घरी तर विचारूच नका. मी या घरात येऊन केस पिकवले, पण सासूबाईंना औषध कोणाच्या हातून गोड लागतं? तिच्या. माझा चहा "ठीक आहे", तिचा "बाई, काय चहा केलाय!" आणि चहाची पावडर तीच, दूध तेच, भांडंही माझ्याच माहेरचं. मी डॉक्टरांच्या चकरा मारायच्या, रांगेत उभं राहायचं, आणि संध्याकाळी ती त्यांच्या पायांना तेल चोळत गप्पा मारते ते सगळ्यांनी बघायचं. मी नवऱ्याला हे सांगितलं की तो म्हणायचा, "तूही चोळ की तेल, कोणी अडवलंय?" पुरुषांना यातलं काही कळत नाही. मी तेल घेऊन गेले असते तर सासूबाईंनी विचारलं असतं, "आज काय मोडलं घरात?"

सासूबाईंना पूर्वी स्तनाचा कर्करोग होऊन गेला होता. ऑपरेशन झालं, बऱ्या झाल्या, इतक्या बऱ्या की आम्ही विसरलोही. यंदा काखेत परत गाठ आली. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी लगेच केमो सुरू करायला सांगितलं. ते औषध ठरलेलं, त्रास देणारं, पण उपयोगी पडणारं. त्याच वेळी इस्पितळात एका नव्या औषधाची चाचणी सुरू होणार होती. ते औषध पेशीच्या अंगावरची लबाड साखर कातरून टाकतं, म्हणजे पहारेकऱ्यांना गाठ ओळखू येते. पण ज्यांच्या गाठीवर ती साखर आहे अशाच बायकांना त्यात घेणार होते, आणि परत आलेल्या गाठीवर आधी केमो सुरू केलेली चालणार नव्हती. साखर नसलेल्या बाईने ते घेतलं तर ज्याला केस नाहीत त्याचं डोकं भादरण्यासारखं. वर तेवढा काळ केमोही बुडणार.

सासूबाईंना पहिल्यांदा केमोने फार छळलं होतं. त्यांनी नव्या औषधाचं ऐकलं आणि हटूनच बसल्या. काखेतल्या गाठीचा तुकडा आमच्याकडेच येणार हे कळल्यावर आमच्या प्रमुख बाईंनी आधी नकार दिला. "घरच्यांनी घरच्यांचं बघू नये," त्या म्हणाल्या. सासूबाईंनी त्यांना फोनवर ऐकवलं, "घरात दोन-दोन सुना याच कामाच्या, आणि माझी गाठ परक्यांनी बघायची? उद्या स्वयंपाकालाही शेजारीण बोलवू का?" शेवटी बाईंनी तोड काढली. दोघींनी वेगवेगळ्या काचा रंगवायच्या, एकमेकींना सांगायचं नाही, आणि दोघींचं उत्तर जुळलं तरच ते इस्पितळाला जाईल.

माझी काच फिकी निघाली. रक्तवाहिन्यांच्या भिंती तपकिरी, म्हणजे रंग बरोबर चढलेला, पण गाठीच्या पेशींभोवती रेघ नाही. पुन्हा केली, पुन्हा तेच. त्या संध्याकाळी सासूबाईंनी जेवताना विचारलंच, "काय गं, आहे का माझ्यावर साखर?" बोलायचं नाही असं ठरलं होतं, पण त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या आणि मला खोटं बोलायला जमत नाही. मी म्हटलं, "मला दिसत नाहीये, आई." त्यांनी मान हलवली आणि ताटातलं तसंच ठेवून उठल्या.

दुसऱ्या दिवशी धाकटी धावतच घरी आली. "आई, आहे! भरपूर आहे! सगळी काच तपकिरी!" तिलाही बोलायचं नव्हतंच, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. सासूबाईंनी तिला जवळ ओढून तिच्या गालाला हात लावला. मी स्वयंपाकघराच्या दारात हातात झारा घेऊन उभी. दिराने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या आईच्या तोंडचा घास काढला होता. सासूबाईंनी त्याच रात्री डॉक्टरीणबाईंना निरोप पाठवला, केमो इतक्यात नको म्हणून.

नवऱ्याला मी झोपताना म्हटलं, "तिचं चुकलंय."

"कशावरून?"

"मला माहीत आहे."

तो कुशीवर वळला. "आईला आशा वाटतेय ती बघवत नाही का तुला? खरं सांग, तू जळतेस तिच्यावर."

हो, जळते. जळत होते. पण जळणाऱ्या माणसाचं म्हणणं खोटंच असतं असं कोणी सांगितलं? मला तिचा इतका राग आला होता की तिच्या चुकीची मी देवाकडे भीक मागितली. आणि ती चूक खरी असली तर सासूबाईंचं काय होणार, हा विचार मागाहून आला. आधी राग, मग सासूबाई. क्रम तोच होता.

बाईंनी आमची दोन उत्तरं बघितली आणि कपाळाला हात लावला. "आठवड्याच्या शेवटी डॉक्टरांची बैठक आहे. त्याआधी दोघी मिळून मला एक काहीतरी सांगा," त्या म्हणाल्या. धाकटी मला म्हणाली, "ताई, माझी काच तुम्ही बघता का?" मी म्हटलं, "बघू सवडीने." ती वळल्याबरोबर मी ती काच काढून सूक्ष्मदर्शकाखाली घातली.

तपकिरी होतीच. तिने सांगितली त्याहून जास्त. पण रेघ नव्हती. तपकिरी रंग लिंपल्यासारखा पसरला होता, पेशीवर, पेशींमधल्या जागेत, कडेच्या चरबीतसुद्धा, जिथे तो असायचं काही कारण नाही. मी हे मनात घोळवत तिच्या टेबलाजवळ गेले. ती वजनकाट्यावर एक पांढरी पावडर मोजत होती. शेजारी दूध पावडरीचा डबा.

"हे काय करतेयस?"

"ब्लॉकिंगचं, ताई. साखरेच्या काचांसाठी. तुम्ही शिकवलंत तसंच."

मी जागच्या जागी थिजले. काचेवर रंग नको तिथे चिकटू नये म्हणून आधी तिच्यावर प्रथिनांचं एखादं पाणी फिरवतात. अँटिबॉडीच्या कामात दूध पावडर उत्तम चालते, स्वस्त पडते, आणि हे तिला मीच शिकवलं होतं. पण दुधातल्या प्रथिनांच्या अंगावरही तीच साखर असते. साखर शोधायच्या काचेवर दूध ओतायचं म्हणजे चोर पकडायच्या आधी अख्ख्या गल्लीला चोराचे कपडे घालायचे. सालीतलं प्रथिन काचेवर वाळलेल्या दुधाला धरून बसणार आणि सगळं तपकिरी होणार. ते सासूबाईंच्या गाठीचं तपकिरी नव्हतं, डब्यातल्या दुधाचं होतं.

मी नुसतं "हं" म्हटलं आणि निघाले. जिना चढताना माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणतेय. किती दिवसांनी! बैठकीत सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, शांतपणे, आवाज न चढवता: "यात दूध वापरलंय." बाईंचा चेहरा, तिचा चेहरा, सगळं मी डोळ्यांसमोर रंगवून घेतलं. घरी दीर, नवरा. गोड हाताची धाकटी! तोवर कोणाला काही सांगायचं नाही.

घरी पोचले तर सासूबाई आरशासमोर बसल्या होत्या. केस विंचरत होत्या, सावकाश, मुळापासून टोकापर्यंत. पहिल्या केमोत गेलेले केस पुन्हा आले ते पांढरेशुभ्र आणि कुरळे. त्यांना त्याचं भारी कौतुक. काखेतल्या गाठीमुळे उजवा हात वर जात नव्हता, म्हणून डाव्याने विंचरत होत्या.

"या खेपेला केस राहतील म्हणे," त्या आरशातल्या मला म्हणाल्या. "गाठ जरा मोठी लागतेय हाताला, पण राहू दे. नव्या औषधाला कातरायला काहीतरी पाहिजे ना."

मी गुणगुणत होते तेव्हाही ती गाठ वाढत होती. मी पदर खोचला, स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि नुसतीच उभी राहिले. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती. धाकटीवरचा राग मात्र होता तसाच होता, एक कणही कमी झाला नव्हता. दोन्ही एकत्र राहू शकतात हे मला तेव्हा कळलं.

सकाळी प्रयोगशाळेत गेल्या गेल्या मी पर्स खुंटीला न लावताच तिच्यासमोर उभी राहिले. "साखरेत दूध कोणी घालायला सांगितलं तुला?"

ती दचकली. "तुम्हीच..."

"अँटिबॉडीत! साखरेत कधी सांगितलं मी? दुधाच्या अंगावर काय असतं?"

मी एवढंच म्हटलं आणि तिच्या चेहऱ्यावरून ते सगळं सरकत जाताना दिसलं. हुशार आहे, दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. ती खुर्चीवर बसली. "सगळ्या पुस्तकांत ब्लॉकिंग एवढंच लिहिलं होतं. कशाने ते तुम्हाला विचारायचं होतं मला," ती म्हणाली. "दोनदा आले होते तुमच्या टेबलापर्यंत. तुमचा चेहरा बघून धीर झाला नाही. मग म्हटलं, ताई करतात तसंच करावं. ताईंचं चुकत नाही."

मी म्हटलं, "ऊठ. काचा काढ."

आम्ही दोघींनी शेजारी शेजारी बसून सासूबाईंच्या गाठीचे नवे काप घेतले. अर्ध्यांवर दूध, अर्ध्यांवर नाही. तिच्या कडा आताही सरळच आल्या, आणि तेवढ्यातही मला ते खटकलं. दुपारी दोघींना एकदम बघता येतं अशा सूक्ष्मदर्शकाशी आम्ही समोरासमोर बसलो. दुधाची काच तपकिरी. बिनदुधाची फिकी. रक्तवाहिन्यांना रंग, गाठीला नाही. मी काच पुढे सरकवत राहिले, कोपरान् कोपरा, आणि खरं सांगते, आता मीही एक रेघ शोधत होते. कुठेतरी एखादी. माझी चूक निघाली असती तरी चाललं असतं. मिळाली नाही.

"बाईंना मी सांगते," धाकटी म्हणाली. "आणि आईंनाही मीच. आशा मी लावली होती."

"आईंना मी सांगणार."

"ताई, चूक माझी आहे."

"आणि 'नाही' मी म्हटलं होतं. मोठी मी आहे."

काय पण भांडण! वाईट बातमी कोणी द्यायची यावरसुद्धा आम्हा दोघींना एकमेकींच्या पुढे राहायचं होतं. शेवटी दोघी गेलो.

सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. धाकटीने त्यांच्या पायाशी बसून, हात धरून, रडत रडत सगळं सांगितलं. दूध, डबा, चूक. मी उभीच होते. सांगून झाल्यावर सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण बोलल्या माझ्याशी.

"डॉक्टरीणबाईंना फोन लाव. म्हणावं, केमो उद्यापासून चालेल का?"

"आई, तुम्ही..."

"अगं, तू नाही म्हणालीस तेव्हाच मला कळलं होतं. तू कधी मला बरं वाटावं म्हणून काही बोलली आहेस? चहासुद्धा विचारत नाहीस कसा झालाय म्हणून." त्या जराशा हसल्या. "हिचं ऐकत राहिले चार दिवस. ऐकायला बरं वाटत होतं गं. केस राहिले असते तर काय बिघडलं असतं? पण विश्वास ठेवायचा झाला तर तो तुझ्यावरच. पहिल्यापासून तुझ्यावरच."

एवढी वर्षं मी या एका वाक्यासाठी झुरत होते. ते ऐकलं आणि मला वाटलं, देवा, हे खोटं ठरू दे, माझी काच खोटी ठरू दे, आईंना माझ्यावर विश्वास ठेवायला लागू नये. त्यांचे पांढरे कुरळे केस बघवेनात, म्हणून मी नजर खाली वळवली.

धाकटी सासूबाईंच्या हाताखालून माझ्याकडेच बघत होती. रडणं थांबलं होतं. ओठ आवळलेले, डोळे कोरडे, नजर माझ्यावर रोखलेली. सासूबाईंचा हात तिच्या डोक्यावर होता आणि तिला त्याचं काही नव्हतं.

मी फोन उचलला आणि नंबर लावला.